झाकण न काढलेली दुर्बीण

अमानवीय अनुभवांच्या या ग्रुपवर मी गेली काही वर्षं नुसती वाचत असते. खरं सांगायचं तर वाचते आणि हसते. आपोआप सुरू होणारा मिक्सर, रिकाम्या खोलीतून येणारा खोकला, बंद पडलेल्या घड्याळाचे टोले... प्रत्येक अनुभवाखाली मी मनातल्या मनात एकच कॉमेंट टाकते — वायरिंग चेक केलं का? माझा धंदाच तसा आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने छातीठोकपणे ‘चालतंय’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीत खोट काढायची आणि पुराव्यासकट त्याच्यासमोर ठेवायची, याचा मला पगार मिळतो. आमच्या लग्नाच्या वेळी मी पत्रिका काढूच दिली नव्हती, यावरून काय ते समजा. आज मी इथे लिहायला बसले आहे म्हटल्यावर माझा नवरा हेमंत कधीचा दात काढतोय.

तर आधी सगळं सविस्तर सांगते. खोट काढायची असेल तर तुम्हालाही सोपं जाईल.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहतो. आजूबाजूला सगळे आयटीवाले, दर दोन घरांमागे एक पुणेकर. लॉकडाऊनच्या काळात लोकांनी ब्रेड भाजायला घेतला, मी दुर्बीण घेतली. मग तिच्याहून मोठी एक घेतली. पहिली छोटी तशीच राहिली. तिचं मूळचं झाकण कुठेतरी हरवलं, तर न्यू जर्सीत एडिसनला नणंदेकडे गेलो असताना ओक ट्री रोडवरून आणलेल्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण तिला अगदी फिट्ट बसलं. तेव्हापासून ती केशर-वेलची असं लिहिलेलं झाकण मिरवते. वाऱ्याने ते उडतं म्हणून वरून टेपचे दोन वेढे मारायचे आणि टेपचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे काढताना नखाने खरवडत बसायला नको. ही माझी पद्धत.

मृणाल ही माझ्या नाशिकच्या मैत्रिणीची भाची, मूळची अमरावतीची. इथून जवळच्याच युनिव्हर्सिटीत ती लघुग्रहांवर पीएचडी करत होती. रविवारी जेवायला आमच्याकडे. वरण-भात समोर आला की पोरगी पाच मिनिटं एक शब्द बोलत नसे, आणि मग जी सुरू होई ती त्या एका लघुग्रहावरच. आपल्या पृथ्वीच्या बऱ्यापैकी जवळून जाणारा दगड आहे तो. आपटणार नाहीये, घाबरू नका. पण तो नेमका केवढा आहे आणि नेमका कुठून जातो, हे माहीत असलेलं बरं ना?

आता हा मोजायचा कसा? मोठमोठ्या दुर्बिणींतूनही तो नुसता ठिपका दिसतो. त्यावर एक छान युक्ती आहे. तो एखाद्या ताऱ्यासमोरून जाणार असेल तर त्या क्षणी तारा झाकला जातो, आणि त्या दगडाची सावली जमिनीवरून पट्ट्यासारखी सर्रकन जाते. पट्टा त्या दगडाएवढाच रुंद, म्हणजे जेमतेम एखाद्या गावाएवढा. त्या वाटेवर आडव्या ओळीत, ठरावीक अंतरावर, दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन माणसं बसवायची. कुणाचा तारा विझला, कुणाचा नाही, किती वेळ विझला, यावरून दगडाचं माप निघतं आणि जागाही कळते. विझणंसुद्धा कसलं, पापणी लवायच्या आत सगळं आटोपतं. कॅमेऱ्याच्या दोन-तीन फ्रेम्स फक्त.

पण सावली कुठे पडणार ते आधी ठरवावं लागतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं. सगळ्यांच्या हिशोबाने ती एका जागी पडणार होती. मृणालच्या हिशोबाने त्याच्या दक्षिणेला, पुष्कळ मैल खाली. उन्हाने तापलेला दगड फिरता फिरता किंचित ढकलला जातो, ते ढकलणं मोजायची तिने स्वतःची वेगळी पद्धत बसवली होती. तिचा अख्खा थीसिस त्यावर उभा होता. तिच्या गाईडना ती पद्धत पटलेली नव्हती. भला माणूस, पण खडूस. त्यांनी सांगितलं, सगळे व्हॉलंटियर्स नेहमीच्या पट्ट्यावर बसतील. तुझ्या जागी हवी तर एक दुर्बीण ठेव.

“एकच, मावशी,” मृणाल म्हणाली. “आणि माणूस द्यायला नाही म्हणतात. अनअटेंडेड ठेवावी लागेल.”

“माझी छोटी ने ना मग.”

“सेटअप तुम्हीच कराल? मला उत्तरेच्या टीमबरोबर थांबावं लागेल. प्लीज... ही मिस झाली ना, तर ते मला टॉपिक चेंज कर म्हणणार आहेत. दोन वर्षं पाण्यात.”

मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आयुष्यात कधी टेस्ट केल्याशिवाय काही सोडलेलं नाही.

डिसेंबरमधला शनिवार होता. मृणालने दाखवलेली जागा आमच्यापासून पूर्वेला, रताळ्यांच्या शेतांच्या भागात होती. रॉय नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आधीच फोनवर परवानगी दिली होती. रताळी काढून शेत नुकतंच नांगरून ठेवलेलं, माती ओलसर, बुटांना चिकटणारी. मधोमध एक जुना सिमेंटचा चौथरा होता, त्यावर हेमंतने ट्रायपॉड रोवला. अंधार पडताच मी दुर्बीण नेमून ठेवली. ही दुर्बीण नंतर हलवायची नसते. पृथ्वी फिरते आणि वेळ झाली की हवा तो तारा आपण होऊन तिच्यासमोर येतो. कॅमेरा टायमरवर लावला, कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवला. घटनेला अजून अवकाश होता आणि गारठा वाढत होता. काचेवर दव धरलं तर सगळंच बोंबलेल, म्हणून मी निघेपर्यंत झाकण लावून ठेवायचं ठरवलं. टेपचे दोन वेढे, टोक दुमडून.

तेवढ्यात चौथऱ्याजवळच्या रस्त्यावर रॉयचा पिकअप येऊन थांबला. आम्ही सोलर पॅनेलवाल्या कंपनीची माणसं तर नाही ना, हे त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. नाही म्हटल्यावर तो इतका खूश झाला की आमच्या गाडीत पोतंभर रताळी टाकली. लघुग्रह आपल्या शेतावर पडणार आहे का, असं विचारलं. सावली पडेल, म्हटलं. सावलीने रताळ्यांना काही होतं का, असं विचारलं. मग आपण आता नातीच्या बास्केटबॉलच्या मॅचला चाललोय आणि आज सगळं गाव तिथेच आहे, म्हणजे तुमच्या वस्तूंना कोणी हात लावणार नाही, असं सांगून तो गेला. तो जातोय तोच मृणालचा फोन. उत्तरेकडच्या एकाची गाडी चिखलात रुतली होती, त्याची जागा आमच्या गाडीतली मोठी दुर्बीण घेऊन मी घ्यावी, आत्ताच्या आत्ता निघा. आम्ही पळालो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

उत्तरेच्या जागी पोचलो, मोठी दुर्बीण लावली, स्क्रीनवर तारा धरला. वेळ आली. वेळ गेली. तारा आपला जागच्या जागी, ढिम्म. एकेकाचे मेसेज येऊ लागले — मिस, मिस, मिस. नेहमीच्या पट्ट्यावर कुणाचाही तारा विझला नव्हता. मला मनातून आनंद झाला. म्हणजे मृणालचं बरोबर असणार! आता सगळं रॉयच्या शेतातल्या माझ्या दुर्बिणीवर.

परत गेलो. हेमंतने टॉर्च मारला. आणि मला केशर-वेलची दिसलं.

एका पोरीची दोन वर्षं त्या पिवळ्या झाकणाखाली बंद होती आणि ते झाकण मी लावलं होतं. हेमंतने पुढे होऊन हात लावला असता, मी त्याला थांबवलं. ही मात्र सवय. बग सापडला की आधी स्क्रीनशॉट, मग रडारड. मी फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. दुर्बिणीच्या नळीवर पांढरं दहिवर धरलं होतं. ते नळीवरून टेपवर आणि टेपवरून झाकणावर असं सलग पसरलं होतं, कुठे बोट उमटलेलं नाही. टेपचं टोक दुमडलेलं, तसंच. चौथऱ्याभोवतीच्या ओल्या मातीत दोन प्रकारच्या बुटांचे ठसे, एक माझे, एक हेमंतचे. हे सगळं तेव्हा मी कुठल्या भुताच्या शोधात बघत नव्हते. माझ्या गाढवपणाचा पंचनामा करत होते.

घरी आलो तर मृणाल आमच्या दारात पायरीवर बसलेली. तिला धीर निघाला नव्हता. मी बूटही न काढता सांगून टाकलं.

“मृणाल, झाकण काढायचं राहिलं.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “इट्स ओके मावशी, होतं असं.” आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ आतच राहिली. हेमंतने पिठलं टाकलं. मला काही सुचत नव्हतं म्हणून मी खोक्यातला कॉम्प्युटर टेबलावर घेतला. फाइल निरुपयोगी आहे हे माहीत होतं, पण न बघता डिलीट करणं माझ्याच्याने होत नाही.

फाइल उघडली. स्क्रीनवर तारे होते.

झाकण लावलेल्या दुर्बिणीतून काय दिसतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. काळं दिसतं. काळ्यावर कॅमेऱ्याचे चार-दोन खराब ठिपके. इथे स्वच्छ तारे होते, एका कडेने येऊन दुसऱ्या कडेकडे सावकाश सरकणारे. मला वाटलं, मागची कुठलीतरी फाइल उघडली. पण प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ छापलेली असते, आणि ती त्याच संध्याकाळची होती. मध्येच एका विमानाचा दिवा कोपऱ्यातून गेला. हेमंतने फोनवर फ्लाइट ट्रॅकर काढला, तर शार्लटकडे जाणारं विमान बरोबर त्याच वेळी रॉयच्या शेतावरून गेलेलं.

मृणाल टॉवेलने तोंड पुसत येऊन मागे उभी राहिली होती. तिने हात पुढे करून फाइल तिच्या हिशोबातल्या क्षणापर्यंत नेली आणि एक-एक फ्रेम पुढे सरकवायला लागली.

तारा. तारा. तारा. नाही. नाही. नाही. तारा.

“अगं, मिळालं!” हेमंत ओरडला. “विदुला, यू आर अ जीनियस! काढलं होतंस तू झाकण!”

“नव्हतं काढलं.”

“काढलं असशील यार, विसरली असशील.”

“आणि परत कुणी लावलं? फोटो आहेत माझ्याकडे.”

मग आम्ही तिघं फोटो बघत बसलो. पिठलं करपलं. हेमंत म्हणाला, कुणीतरी येऊन काढलं असेल आणि परत लावलं असेल. बरं, कुणी? बुटांचा ठसा न उमटवता, घटनेच्या आधी येऊन आणि नंतर लगेच परत लावून, टेपचे दोन वेढे मारून, टोक दुमडून? दुसऱ्या दिवशी मी रॉयला फोन केला. त्याच्या शेडवर कॅमेरा आहे, त्यात चौथऱ्याकडे जाणारा रस्ता येतो. आमची गाडी जाताना आणि परत येताना दिसते, मधे एक हरीण, बस. त्याच संध्याकाळी मी अंगणात तीच दुर्बीण, तेच झाकण, तोच टेप लावून पुन्हा रेकॉर्डिंग केलं. काळं. सरळ चांदण्यात, चंद्राकडे तोंड करून केलं. काळं. हेमंत म्हणाला, श्रीखंड आणून पुन्हा भरून बघूया का? मी त्याला घरात पाठवलं.

मला भीती अजिबात वाटत नव्हती, हे आवर्जून सांगते. एखादा प्रोग्रॅम चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर द्यायला लागला की टेस्टरला जसं होतं, तसं होत होतं. जेवताना, अंघोळ करताना तेच डोक्यात. कसं? कसं शक्य आहे?

पण मृणालपुढचा प्रश्न वेगळा होता. फाइलवर झाकण लिहिलेलं नसतं. झाकणाचं आम्हा तिघांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. ती फाइल तशीच दिली असती तर तिची पद्धत सिद्ध झाली असती, गाईड गप्प, थीसिस पूर्ण. सोमवारी ती गाईडकडे गेली आणि तिने फाइलही दाखवली, फोटोही दाखवले. त्यांनी चष्मा काढला म्हणे, पुन्हा घातला. मग म्हणाले, झाकण होतं तर डेटा नाही, आणि डेटा आहे तर झाकण नव्हतं. तुझ्या मावशीला नीट आठवून सांगायला सांग.

त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, हे मला कळत होतं. रविवारी मृणाल आली, माझ्यासमोर बसली.

“मावशी, मी एकदाच विचारते. झाकण होतं?”

काय सोपं होतं हो... ‘मला वाटतं मी काढलं असावं’ इतकंच म्हणायचं होतं. ते अगदी खोटंही नव्हतं, कारण तारे दिसत होते! पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं.

“होतं,” मी म्हटलं.

“मग डेटा नाही,” ती म्हणाली आणि भात कालवायला लागली. “थँक यू.”

ती खरंच मनापासून म्हणाली, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. तिच्या रिपोर्टमध्ये आमच्या जागेपुढे ‘निरीक्षण नाही’ असं गेलं. उत्तरेला सगळ्यांचं मिस झालं ते नेहमीच्या हिशोबात थोडी दुरुस्ती राहिली म्हणून, असं गाईडचं म्हणणं होतं. त्यांच्या सांगण्यावरून तिने स्वतःची पद्धत बाजूला ठेवली आणि नेहमीच्या हिशोबावर नव्याने काम सुरू केलं. रविवारी यायची, जेवायची, पण त्या दगडाबद्दल बोलणं बंद झालं. मी विचारलं की म्हणायची, “चाललंय.” मी आयुष्यभर लोकांचं ‘चालतंय’ खोडत आले, पण या वेळी माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तोच दगड पुन्हा एका ताऱ्यासमोरून जाणार होता. या वेळी सावली टेक्सासच्या पश्चिम भागात पडणार होती, पहाटे, उजाडायच्या जरा आधी. युनिव्हर्सिटीने पुन्हा व्हॉलंटियर्स मागितले. मृणालनेच नकाशा बनवला होता. सगळ्या जागा नेहमीच्या पट्ट्यावर. मी तो नकाशा बघितला आणि विचारलं, “तुझा जुना पट्टा कुठे पडतो?”

“सोडा ना मावशी ते.”

“दाखव तर.”

तिने दाखवला. दक्षिणेला, कापसाच्या शेतांमधून जाणाऱ्या एका रस्त्यावर. तिने तो काढून ठेवलेला होता, म्हणजे तिनेही सोडलं नव्हतं.

“मी तिथे उभी राहते.”

“नाही मावशी. कशाच्या बेसिसवर? त्या फाइलच्या? मी ती रिजेक्ट केली आहे. मी तुम्हाला तिथे पाठवलं तर ते चीटिंग होईल.”

“तू पाठवू नकोस. एकदा घडलेली गोष्ट पुन्हा घडते का, ते बघितल्याशिवाय मी बग क्लोज करत नाही. मला रात्री झोप लागत नाहीये, मृणाल. तिथे काही दिसलं नाही ना, तर मी ती फाइल डिलीट करेन आणि पुन्हा नाव काढणार नाही.”

नकाशा मिटत ती म्हणाली, “तुम्ही व्हॉलंटियर आहात. तुम्ही स्वतःच्या दुर्बिणीने कुठे उभं राहायचं, हे मी कसं सांगणार?”

हेमंतने सुट्टी टाकली. कुरकुर करत का होईना, पण मोठी दुर्बीण विमानातून नेण्यासाठी त्यानेच आपल्या स्वेटरांमध्ये गुंडाळून बॅग भरली. टेक्सासमध्ये उतरून आम्ही गाडी भाड्याने घेतली आणि सपाट, न संपणाऱ्या रस्त्याने त्या जागी पोचलो. मृणाल आणि बाकी सगळे उत्तरेला. आम्ही दोघंच त्या कच्च्या रस्त्याच्या कडेला, आजूबाजूला नुकताच उगवलेला कापूस आणि लांबवर पवनचक्क्यांचे लाल दिवे.

“झाकण काढलंस?” हेमंतने विचारलं.

“काढलं.”

“दाखव.”

मी त्याच्या हातातच ते आणून ठेवलं. वेळ जवळ आली तशी पूर्वेला किंचित फटफटायला लागलं होतं. स्क्रीनवरचा तारा फिका पडत होता. मला काय हवंय, ते माझं मलाच कळेना. तारा विझला नाही तर मृणालचं कायमचं संपलं, पण माझं जग पुन्हा नीट जागेवर बसेल. विझला तर पोरीचं भलं, आणि मग ती फाइल खरी. मग मी काय करायचं तिचं? इतक्या वर्षांत मी कधी देवाला काही मागितलं नव्हतं, आणि त्या वेळीही मागितलं नाही. पण ओठ काहीतरी पुटपुटत होते, असं हेमंत म्हणतो.

क्षण आला आणि गेला. मला वाटलं तारा लुकलुकला. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो. मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि फ्रेम्स मागे नेल्या. घाईत सारखी पुढे जात होते. शेवटी हेमंतने कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

तारा. तारा. नाही. नाही. तारा.

तेवढ्यात फोन वाजला. मृणाल. आवाज अगदी शांत होता, रडून झाल्यावर असतो तसा. “मावशी, इकडे कुणालाच काही नाही. सगळे मिस. आय ॲम सो सॉरी, तुम्हाला एवढ्या लांब...” मला धाय मोकलून रडू येत होतं. हेमंतने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, “मृणाल, काका बोलतोय. आहेस तिथे खाली बस. बसलीस? गेला गं तारा. तुझ्याच जागी गेला.”

मग ती अमरावतीच्या घरी ओरडत असेल तशी ओरडली. आम्हाला फोन लांब धरावा लागला.

आता खोट काढणाऱ्यांसाठी. टेक्सासमध्ये जे घडलं, त्यात अमानवीय काही नाही. मृणालची पद्धत बरोबर होती, सावली पडायची तिथे पडली, मी तिथे होते. विषय संपला. पण टेक्सासची वेळ आणि जागा धरून तिने लघुग्रहाची वाट उलटी, मागच्या डिसेंबरपर्यंत काढली. त्या शनिवारी सावली रॉयच्या शेतावरूनच गेली होती. तो क्षणही आमच्या फाइलमधल्याशी तंतोतंत जुळला. म्हणजे फाइलमध्ये जे दिसतंय, ते खरोखर तसंच घडलं होतं. फक्त माझ्या दुर्बिणीला ते दिसायची सोय नव्हती. ओळखीच्या एका ऑप्टिक्सवाल्याला मी फोटो, फाइल, अगदी ते झाकणसुद्धा कुरियरने पाठवलं. त्याने महिन्याभराने परत पाठवलं, सोबत एक ओळ — हे प्लॅस्टिक आहे.

गेल्या महिन्यात मृणालचा डिफेन्स, म्हणजे पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, पार पडला. घरचं कुणी अमरावतीहून येऊ शकलं नाही, म्हणून मी आणि हेमंत पाहुण्यांच्या रांगेत बसलो होतो. ती फार सुरेख बोलली. दगड केवढा, कसा ढकलला जातो, पुढची कित्येक वर्षं कुठून जाणार, सगळं. डिसेंबरच्या मोहिमेच्या स्लाइडवर आमच्या जागेपुढे ‘निरीक्षण नाही’ असंच होतं, तिने त्यातलं अक्षर बदललं नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी टेक्सासचा नकाशा पुन्हा लावायला सांगितला. त्या वेळी तू स्वतः ही पद्धत सोडून दिली होतीस ना, त्यांनी विचारलं. सगळ्या दुर्बिणी इथे वर आहेत. मग ही एकच दुर्बीण, इतक्या दक्षिणेला, कशाच्या आधारावर ठेवली होती?

गाईडनी मान खाली घातली. हेमंतने माझा हात धरला. मृणाल नकाशाकडे बघत राहिली, मग तिने खोलीभर नजर फिरवली आणि मला शोधलं.

“माझ्या मावशीला तिथे उभं राहायचं होतं,” ती म्हणाली.

सगळे हसले. त्या बाईही हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण याहून खरं उत्तर माझ्याकडेही नाही.